जास्वंद आणि मॉस शेजारी शेजारी: नववीच्या तुलना प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२५

नववीला वनस्पतींचं वर्गीकरण शिकवताना तुलनेचा तक्ता दरवर्षी होतो. डावीकडे फुलझाड, उजवीकडे मॉस, आणि उजवा रकाना भरतो तो असा: मूळ नाही, खरं खोड नाही, संवहनी ऊती (पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या) नाहीत, फूल नाही, बी नाही. पोरं पाठ करतात, मार्क मिळतात, पण मॉस म्हणजे काहीतरी अर्धवट राहिलेलं झाड अशी समजूत घेऊनच ती दहावीत जातात. हे मला फार दिवसांपासून खटकतंय. म्हणून यंदा दोन्ही शाळेत शेजारी शेजारी वाढवायचं आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच तक्त्यात लिहायचं असं ठरवलंय. दुसऱ्या कुणाला आपल्या शाळेत करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतेय, काय बिघडलं आणि किती पैसे गेले त्यासकट.

फुलझाड म्हणून जास्वंद, साधी लाल, पाच पाकळ्यांची गावठी. वाईत दर दोन घरांआड हिचं झुडूप सापडतं, फांदीवरून लागते, फुलाचे सगळे भाग नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मॉस शाळेच्या मागच्या भिंतीवर पावसाळाभर असतं, त्याला पैसे पडत नाहीत. पुस्तकात मॉस म्हणून फ्युनारिया दिलंय, त्यामुळे भिंतीवरचं तेच असं धरून सुरुवात.

२१ जून

जास्वंदीच्या फांद्या लावल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, पेराच्या लगेच खाली तिरका काप. खालची पानं काढली, वरची दोन ठेवली आणि तीही अर्धी कापली, कारण मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहिलं तर फांदी सुकून जाते. कुंड्या ४, साठ रुपयांना एक, म्हणजे २४०. रुटिंग पावडर ७०. माती शाळेच्या बागेतली काळी.

२६ जून

भिंतीवरून मॉस काढलं. सुरीने टोकरलं की तुकडे होतात, पातळ उलथनं भिंतीला लावून खालून सरकवलं की पोळीसारखी चकती उचलून येते, खालच्या मातीच्या पापुद्र्यासकट. पसरट ट्रेमध्ये बागेची माती आणि थोडं शेणखत घालून त्यावर चकत्या दाबून बसवल्या. स्प्रे बाटली ५० रुपये. पाणी नळाचं, दिवसातून दोनदा.

एक सांगायला हवं, भिंतीवरचं सगळं मॉस काढू नका. एका जागची एखादीच चकती घ्यायची आणि बाकी राहू द्यायचं, पुढच्या सगळ्या महिन्यांत भिंतीवरचं मॉस कसं वागतंय हे ट्रेशी ताडून बघायला लागतं.

५ जुलै

दोन्हीकडे बिघाड. जास्वंदीच्या निम्म्याहून जास्त फांद्या बुडाशी काळ्या पडल्यात, उपटल्या तर साल हातात येतेय. काळी माती पावसात चिखल धरून बसते आणि फांदी आतून कुजते. उरलेल्याही टाकून दिल्या आणि नव्याने लावल्या, या वेळी खाली मुरूम, वर नदीची वाळू आणि त्यात मूठभर कोकोपीट. कुंड्या व्हरांड्यात हलवल्या, थेट पाऊस बंद.

मॉसच्या ट्रेमध्ये पांढरी बुरशी पसरलीय, कडेने हिरवट चिकट थर आलाय तो वेगळाच. कारण शेणखत. मॉसला खत लागत नाही, त्याला मुळं नाहीत, मातीतून अन्नपाणी ओढून वर चढवायची त्याची पद्धतच नाही, मूलाभ, म्हणजे बुडाशी मुळांसारखे दिसणारे केस, असतात ते मुख्यतः धरून ठेवायला. म्हणजे खत घालून आपण मॉसला नाही तर बुरशीला जेवायला घातलं. शिवाय चकत्यांच्या शेंड्यांवर पांढरट क्षार दिसायला लागलेत, ते नळाच्या पाण्याचे.

नवीन मांडणी अशी: मातीच नाही. जुन्या विटांचे तुकडे पाण्यात रात्रभर भिजवले, त्यावर पातळ चिखलाचा हात फिरवला आणि चकत्या वर ठेवून बोटांनी दाबल्या. पाणी फक्त पावसाचं, पन्हाळीखाली बादली लावून साठवलेलं. यात दोन आठवडे गेले पण यानंतर मॉसने त्रास दिला नाही.

१९ जुलै

आज मायक्रोस्कोप काढला. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढते तशी चढलीच होती, स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने फिरवून काम भागलं. पुढच्या वर्षी पेटीत सिलिका जेलची पुडी टाकायची.

मॉसचं एक पान चिमट्याने तोडून पाण्याच्या थेंबात ठेवलं, वर कव्हरस्लिप. बास, एवढंच. छेद घ्यावा लागत नाही, रंग लागत नाही, कारण मधली शीर सोडली तर पान एकाच पेशीच्या थराचं आहे. खालून उजेड टाकला की प्रत्येक पेशी आणि तिच्यातली हिरवी हरितलवकं स्वच्छ दिसतात. शेजारी जास्वंदीचं पान ठेवून बघितलं तर नुसता काळा ठिपका, उजेड आरपार जातच नाही. त्याचा दाढीच्या ब्लेडने छेद घ्यायला गेलं तर पानातला बुळबुळीत चीक सगळं एकत्र चिकटवतो. गाजराच्या तुकड्याला खाच पाडून त्यात पान धरलं आणि मग कापलं तेव्हा कुठे बरा काप मिळाला.

जास्वंदीच्या पानाची पर्णरंध्रं, म्हणजे हवा आणि वाफ ये-जा करायची बारीक छिद्रं, बघायची सोपी रीत म्हणजे पारदर्शक नेलपॉलिश. पानाच्या खालच्या बाजूला लावायचं, वाळू द्यायचं, त्यावर सेलोटेप दाबून उचलायची आणि टेप स्लाइडवर. पानाच्या खालच्या बाजूला रंध्रंच रंध्रं. मॉसच्या पानावर पोरांनी तासभर शोधली, एकही नाही. ही गोष्ट तशीच लिहून ठेवायला सांगितलीय, कारण डिसेंबरात ती कामाला येईल असा माझा हिशोब आहे.

२ ऑगस्ट

वाळूतल्या फांद्यांना मुळं फुटली. उपटून बघायची गरज नाही, फांदी अलगद ओढली आणि अडखळली की समजायचं. एक फांदी मात्र बघण्यासाठी काढलीच. दोन बोटं लांबीची पांढरी मुळं, त्यांना पुन्हा बारीक फाटे. शेजारी मॉसचं एक रोप धुऊन ठेवलं, बुडाशी तपकिरी केसांसारखे मूलाभ. मायक्रोस्कोपखाली मूलाभ म्हणजे पेशींची एकेरी माळ निघाली आणि पेशींमधल्या भिंती तिरक्या. मुळाच्या छेदात मात्र थरावर थर, मध्यभागी पाण्याच्या नळ्या.

१३ ऑगस्ट

रंगीत पाण्याचा प्रयोग. जास्वंदीची पांढरी फुलं असलेली फांदी एका विद्यार्थिनीच्या घरून आणली, लाल शाईच्या पाण्यात उभी केली. मधल्या सुट्टीनंतर देठाचा पातळ काप घेतला तर लाल कडं, आणि दुपारपर्यंत पाकळ्यांच्या शिरा गुलाबी. इथे एक काळजी घ्यायची, फांदी पाण्याखाली धरून बुडाशी पुन्हा एकदा कापायची, नाहीतर नळ्यांत हवा शिरते आणि रंग चढत नाही. सकाळची पहिली फांदी त्यामुळेच वाया गेली.

मॉसची कोरडी केलेली चकती शाईच्या पाण्यात फक्त बुडापाशी टेकवली. रंग चढला, आणि भराभर चढला, पण आतून नाही. पानं आणि खोड यांच्यामधल्या फटींतून, बाहेरून, टीपकागदावर शाई चढते तसा. भिंगाखाली पानांच्या बेचक्यांत थेंब साठलेले दिसतात. मग एका मुलाने वरून एक थेंब टाकून बघितला, तो पानाने लगेच पिऊन टाकला. जास्वंदीच्या पानावर टाकलेला थेंब घरंगळून खाली पडला, कारण पानावर मेणाचा थर असतो.

म्हणजे तक्त्यात «संवहनी ऊती नाहीत» एवढं लिहून भागत नाही. मॉस सगळ्या अंगाने पाणी घेतं, पाऊस असला की ते ओलं, नसला की कोरडं. जास्वंद खालून ओढते, वरून उडू नये म्हणून अंगावर मेण चढवते आणि रंध्रांची उघडझाप करून हिशोबाने खर्च करते. मॉस पाणी साठवून ठेवायचा खटाटोपच करत नाही. उंची याच्याशीच बांधलेली आहे, बाहेरून चढणारं पाणी बोटभर उंचीला पुरतं, पुरुषभर झुडपाला पुरत नाही.

२५ ऑगस्ट

फांद्यांपासून झालेल्या नव्या रोपांना यंदा फुलं येतील असं वाटत नाही, त्यामुळे फुलाचं काम शाळेच्या आवारातल्या जुन्या झुडपावर. परवा गणपती, तेव्हा रोज पहाटे फुलं गायब. मावशींना सांगून एक फांदी राखून ठेवली, तिला लाल दोरा बांधलाय आणि गावात सगळ्यांनी तो मान ठेवलाय.

फूल उभं चिरलं: बाहेर हिरव्या छोट्या पाकळ्यांचं जादा वेढं, मग निदलपुंज, पाच पाकळ्या एकमेकींवर पीळ घातलेल्या, मधे पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी आणि तिच्यातून वर आलेली कुक्षीवृंताची पाच टोकं. परागकण दहाच्या लेन्सखालीसुद्धा मोठे दिसतात, गोल आणि अंगभर काटे. साखरेच्या पाण्यात टाकून परागनलिका काढायचा प्रयत्न केला, जास्वंदीचे कण फुटून गेले. ज्यांना परागनलिका दाखवायचीच आहे त्यांनी सदाफुली घ्यावी, ती हमखास देते.

आणखी एक अडचण, आपली ही गावठी जास्वंद बी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. फुलं येतात, दुसऱ्या दिवशी मिटून गळतात, फळ नाही. मग «जास्वंदीला बी, मॉसला बीजाणू» हे दाखवायचं कसं? भेंडी आणली. ती जास्वंदीच्याच कुळातली, फूल बघितलं की लगेच कळतं, आणि आडवी कापली की पाच कप्पे आणि त्यांत ओळीने बिया. पावशेरात सगळ्या वर्गाला पुरली.

झुडपावर शिंजीर येतात. फुलाच्या तोंडातून आत जाण्यापेक्षा बुडाला चोच खुपसून मध काढून नेताना पोरांनी पाहिलं, म्हणजे परागकणांना हात न लावता. मॉसला असा कुणी पाहुणा लागत नाही, त्याच्या नरपेशींना शेपट्या असतात आणि त्या पाण्याच्या थरातून पोहत मादी अवयवापर्यंत जातात. पाऊस हाच त्याचा भुंगा.

२० सप्टेंबर

भिंतीवरच्या मॉसला बोंडं, म्हणजे बीजाणूंच्या कुप्या, आली. तांबूस केसासारखा दांडा आणि वर उभं नळकांडं. विटांवरच्या मॉसला अजून नाहीत, त्यामुळे भिंतीवरचीच घ्यायची.

४ ऑक्टोबर

पुस्तकात आहे की फ्युनारियाच्या बोंडाचं झाकण उडालं की तोंडाशी दातांची दोन वर्तुळं दिसतात, १६ बाहेर, १६ आत. आम्हाला एकाही बोंडात दात दिसेनात. लेन्स पुसली, उजेड बदलला, नवं हँडलेन्स आणलं (२५० रुपये, ते एरवीही लागणारच होतं). दात नाहीतच.

शेवटी ओळखीतल्या एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापिकेला चकती दाखवली. त्यांनी कोरडी चकती हातात घेतली, भिंगातून बघितली आणि म्हणाल्या, अगं हे फ्युनारिया नाही, हायोफिला आहे, हायोफिला इन्व्होल्युटा, आपल्याकडच्या भिंतींवर हेच जास्त. खुणा त्यांनी सांगितल्या त्या लिहून ठेवते, उपयोगी पडतील: पान जिभेसारखं, कोरडं पडलं की दोन्ही कडा आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि पानाची सुरनळी होते, बोंड सरळ उभं, आणि झाकण गेल्यावर तोंडाशी दात नसतात. फ्युनारियाचं बोंड पेरूसारखं एका बाजूला झुकलेलं असतं आणि ते जळक्या जमिनीवर, शेकोटीच्या जागी, राखेवर हमखास येतं.

आतापर्यंतचं काम फुकट गेलेलं नाही, पाणी, पान, मूलाभ हे सगळं हायोफिलालाही लागू आहे. वह्यांत नाव बदलून घेतलं. पण पुस्तकातलं नाव भिंतीवर चिकटवायच्या आधी बोंड बघा, हे ठळक अक्षरात लिहावंसं वाटतं. दातांसाठी फ्युनारिया शोधावं लागणार.

११ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट सुरू झाली. विटा सुकू नयेत म्हणून एक वीट झाकणाच्या पारदर्शक डब्यात घालून खिडकीत ठेवली होती. दुपारच्या उन्हात डबा तापला आणि मॉस तपकिरी होऊन गेलं, उकडल्यासारखं. बाहेर भिंतीवर त्याच उन्हात मॉस कोरडंठाक आहे आणि त्याला काही झालेलं नाही. ओलं मॉस उष्णतेला फार हळवं असतं, कोरडं मॉस त्याहून कितीतरी जास्त सोसतं. म्हणजे काळजीपोटी ओलं ठेवलं म्हणूनच गेलं. डबे बंद ठेवायचे असतील तर उत्तरेच्या खिडकीत, नाहीतर झाकण उघडं आणि वाळू द्यायचं.

१७ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधीची मांडणी. मॉसच्या चकत्या वर्तमानपत्रावर पसरून कपाटात ठेवल्या, पाणी बंद. जास्वंदीची पानं शेजारी तशीच. वजनासाठी खिशातला काटा घेतला, ३५० रुपये. वजन करताना लक्षात आलं की चकतीच्या वजनात निम्मा चिखलच आहे, तो धुऊन काढायला अख्खी दुपार गेली पण त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

६ नोव्हेंबर

शाळा उघडली. मॉस काळपट, पानं गुंडाळलेली, हातात चुरा होईल असं. जास्वंदीची पानं कुरकुरीत. दोन्हीवर एकदमच पावसाचं पाणी मारलं. मॉसची पानं डोळ्यांदेखत उलगडली, एक मुलगी भिंग धरून बसली होती ती ओरडलीच, बाई, हलतंय हे! दोनेक मिनिटांत चकती पुन्हा हिरवी. धुतलेली कोरडी चकती ४ ग्रॅम होती, भिजवून निथळल्यावर १९. जास्वंदीची पानं ओली झाली, मऊ पडली, आणि तपकिरीच राहिली.

वर्ग खूश होता, आणि तिथेच थांबलो असतो तर प्रयोग कच्चा राहिला असता. कारण उलगडणं म्हणजे जिवंत असणं नाही. हे दाखवायला मॉसचा एक तुकडा उकळत्या पाण्यात घालून मारला, वाळवला, आणि मग त्यावर पाणी मारलं. तोही उलगडला! पेशींच्या भिंती पाणी पिऊन फुगतात, त्याला जीव लागत नाही. मग जिवंत कुठलं हे ठरवायचं कसं, यावर पोरांनीच उपाय काढला: दोन्ही विटांवर ठेवू, ज्याला नवीन फूट येईल ते जिवंत.

या प्रयोगाचा हा भाग कृपया गाळू नका. मॉस «जिवंत झालं» म्हणून टाळ्या वाजवणं सोपं आहे, मेलेलं मॉस शेजारी ठेवल्याशिवाय ते सिद्ध होत नाही.

२९ नोव्हेंबर

निकाल लागला. सुट्टीत कोरडं पडलेल्या मॉसच्या शेंड्यांना पोपटी फूट आलीय. उकळलेल्या तुकड्यावर बुरशी. जास्वंदीच्या नव्या कुंड्यांना मात्र सुट्टीत पाणी घालायला मावशी येत होत्या म्हणून त्या आहेत, एका कुंडीला पाणी पोचलं नाही ती वाळली आणि नंतर कितीही पाणी घातलं तरी उठली नाही. उरलेल्या रोपांवर पिठ्या ढेकूण आलेत, कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे. साबणाचं पाणी आणि जुन्या टूथब्रशने घासून काढले, आठवड्याने पुन्हा. मॉसवर असं काही आलं नाही.

१४ डिसेंबर

रविवारी पसरणी घाट चढून पाचगणीला. ओळखीतल्या एका रोपवाटिकेत पालापाचोळा जाळायची ठरलेली जागा आहे, पावसाळ्याआधी तिथे आग लावली होती. राखेच्या त्या गोलातच दाट मॉस, गोलाबाहेर नाही. आणि बोंडं अगदी चित्रातल्यासारखी, पेरूच्या आकाराची, मान खाली घातलेली, काही हिरवी काही पिकून तांबूस. हेच फ्युनारिया हायग्रोमेट्रिका. प्राध्यापिकाबाईंना फोटो पाठवून खात्री करून घेतली, या वेळी आधी खात्री आणि मग वहीत नाव. तळहाताएवढा तुकडा आणला, कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बोंडांना बुरशी येते.

२० डिसेंबर

आजचा दिवस या सगळ्या प्रकल्पात माझ्या सगळ्यात आवडीचा.

पिकलेल्या बोंडाचं झाकण सुईने उचललं, भिंगाखाली धरलं. दात आहेत. तांबूस, टोकाशी एकमेकांना भिडलेले, बाहेरचे १६ आणि त्यांच्या आत फिकट पातळ आणखी १६. बोंडावर हलकेच श्वास सोडला की बाहेरचे दात मिटतात, हवा कोरडी झाली की वाकून उघडतात आणि बीजाणूंची पूड थोडी थोडी बाहेर पडते. दमट हवेत दार बंद, कोरड्या वाऱ्यात उघडं, म्हणजे बीजाणू दूर जातील तेव्हाच सुटतात. मग एक कोरडा दांडा ओल्या बोटाने नुसता शिवला, त्याचा पीळ सुटायला लागला आणि वरचं बोंड गरगर फिरलं. नावातलं हायग्रोमेट्रिका यासाठीच. वर्गातल्या प्रत्येकाला स्वतः करून बघायचं होतं, तास संपून पुढचा तास मागून घेतला.

आणि आता जुलैत लिहून ठेवलेली गोष्ट. फ्युनारियाच्या बोंडाचा बुडाकडचा भाग सोलून स्लाइडवर घेतला. तिथे पर्णरंध्रं! पानावर नाहीत, खोडावर नाहीत, फक्त बोंडाच्या बुडाशी. जास्वंदीला रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात, फ्युनारियाच्या रंध्राभोवती एकच कड्यासारखी पेशी. पोरांनी विचारलं, बाई, पानाला नाहीत आणि बोंडाला कशी? त्या एका प्रश्नावर आमचा सगळा तक्ता नव्याने मांडला.

जास्वंदीच्या झुडपाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं जोडीजोडीने असतात, आईकडून एक वाटा, बापाकडून एक. मॉसच्या हिरव्या रोपात मात्र एकच वाटा. ते बीजाणूपासून वाढतं, त्याच्यात आईबापाचं मीलन झालेलंच नसतं. मीलन होतं ते पावसाच्या थेंबात त्या हिरव्या रोपाच्या शेंड्यावर, आणि त्यातून जे वाढतं ते म्हणजे दांडा आणि बोंड. जोडीचा हिशोब तिथे. मग जास्वंदीच्या अख्ख्या झुडपासमोर तक्त्यात कुणाला बसवायचं? हिरव्या मॉसला नाही, त्या केसाएवढ्या दांड्याला आणि बोंडाला. आणि हिरव्या मॉससमोर जास्वंदीचं काय येतं? परागकण, आणि बीजांडाच्या आत दडलेला भ्रूणकोष. म्हणजे जे मॉसमध्ये वर्षानुवर्षं भिंतीवर हिरवंगार जगतं, ते जास्वंदीत काही पेशींपुरतं उरलंय आणि फुलाच्या पोटात आहे.

एकदा असं समोरासमोर बसवलं की ओळी आपोआप जुळायला लागतात. झुडपाला रंध्रं, बोंडाला रंध्रं. झुडपात पाण्याच्या नळ्या, दांड्याच्या मध्यातही पाणी नेणाऱ्या लांबट पेशींची दोरी. झुडूप स्वतःच्या मुळावर उभं, बोंड मात्र शेवटपर्यंत हिरव्या रोपात बूड रोवून त्याच्याकडून पाणी घेणारं. आम्ही एक दांडा उपटून ओल्या विटेवर वेगळा खोचला होता, तो दोन दिवसांत वाळला. बोंडावरची टोपीसुद्धा बघण्यासारखी, ती बोंडाची नसतेच, ती हिरव्या आई-रोपाच्या अवयवाचा तुकडा, बोंड वर वाढताना डोक्यावर घेऊन आलेला.

ही मांडणी काही आमची नाही. १८५१ मध्ये विल्हेल्म हॉफमायस्टर या जर्मन माणसाने मॉसपासून बी धरणाऱ्या झाडांपर्यंत हेच समोरासमोर ठेवून दाखवलं, आणि तो तेव्हा विद्यापीठात नव्हता, घरच्या पुस्तकांच्या व्यवसायात होता. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची दोन पोरं भिंग मागायला पुढे आली.

१० जानेवारी २०२६

बीजाणू पेरलेत. विटेचे तुकडे कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन निर्जंतुक केले, बशीत पावसाचं साठवलेलं पाणी उकळून गार करून घातलं, वर बोंड झटकलं, काचेचं झाकण, उत्तरेची खिडकी. न उकळलेल्या विटेवरची पेरणी बुरशीने खाल्ली, उकळलेल्यावर आता हिरवट लोकर दिसतेय. मायक्रोस्कोपखाली ते पेशींचे धागे आहेत, फाटे फुटलेले, बघणाऱ्याला शेवाळाचे धागे वाटावेत असे. पेरून पंधरवडा उलटून गेलाय, रोपाच्या कळ्या अजून नाहीत. घाई करून झाकण उघडू नका, दर वेळी उघडलं की एक नवी बुरशी आत येते.

२४ जानेवारी

धाग्यांवर हिरवे ठिपके उठलेत, भिंगातून बघितलं की त्यांना इवली पानं. जास्वंदीच्या राहिलेल्या रोपांपैकी एकीला कळी आहे, माझा अंदाज चुकवून.

नवा तक्ता भिंतीवर लावला. «नाही» हा शब्द त्यात दोनच जागी राहिला, मॉसला बी नाही, आणि मेलेल्या मॉससमोरच्या «नवीन फूट» या ओळीत. बाकी सगळीकडे काय आहे आणि कसं चालतं तेच लिहिलंय.

खर्च एकूण: कुंड्या २४०, पावडर ७०, स्प्रे ५०, कव्हरस्लिप ९०, भिंग २५०, काटा ३५०, म्हणजे १०५०. वाळू, विटा, पावसाचं पाणी, मॉस फुकट. भिंग आणि काटा शाळेत असेल तर साडेचारशेत होतं. वेळ सगळ्यात जास्त गेला तो ट्रेची माती बदलण्यात आणि चकत्या धुण्यात, या नोंदी वाचून करणाऱ्याचा तो वाचेल.

उन्हाळ्याची व्यवस्था: जास्वंदीच्या कुंड्यांना मे महिन्यात रोज संध्याकाळी पाणी, त्याची पाळी मुलांनी लावून घेतलीय. मॉसच्या विटा सावलीत कोरड्या ठेवायच्या, कुणी दया येऊन पाणी मारू नये म्हणून शेजारी चिठ्ठी लावली आहे. बीजाणूंची बशी मी घरी नेतेय, त्यांना अजून ओल लागेल.